जीवामृत वेळेवर दिलं, तरी कपाशी उपाशी का राहिली?

पत्र थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातली एक वाचक, वय तिशीच्या आसपास. घरची सात एकर कोरडवाहू शेती, नवरा शहरात नोकरीला, त्यामुळे वावर ती आणि सासरे दोघं बघतात. बचतगटाच्या प्रशिक्षणात जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन पाण्यात आंबवून केलेलं द्रावण), गांडूळखत शिकली आणि मागच्या खरिपात धुऱ्याकडची, म्हणजे बांधाकडची, दोन एकर बीटी कपाशी पूर्ण सेंद्रिय करून पाहिली. तीन ट्रॉली शेणखत, एकरी २०० लिटर जीवामृत पाच वेळा, आणि आधीच्या वर्षीची पऱ्हाटी (वेचणीनंतर उरलेली कपाशीची वाळकी झाडं) न जाळता मे महिन्यात रोटाव्हेटर मारून वावरातच मिसळली. रासायनिक खत एक दाणा नाही. सासऱ्यांनी बाकीच्या कपाशीला नेहमीप्रमाणे एकरी एक गोणी डीएपी आणि एक गोणी युरिया दिला. पाती, म्हणजे फुलांच्या कळ्या, धरायच्या वेळी हिची झाडं पिवळी पडली, बोंडं भरताना पानं लाल झाली. सासऱ्यांना एकरी आठ क्विंटल, हिला साडेचार. सासरे म्हणतात, पुरे झाला नाद. प्रशिक्षण देणारे म्हणतात, जीवामृत दुप्पट करा, पहिली तीन वर्षं असंच होतं. कृषी केंद्रवाला म्हणतो, एकरी तीन गोण्या दाणेदार ऑरगॅनिक टाका. तिचा प्रश्न: दुप्पट करू, गोण्या टाकू की सोडूनच देऊ? आणि पुढे हा कापूस सेंद्रिय म्हणून जास्त भावानं विकता येईल का?

हे बघ बाई, उत्तर देण्याआधी मलाच एक विचारायचंय. धुऱ्याकडचीच दोन एकर का? सात एकरातली हीच का मिळाली तुला? पत्राच्या शेवटी तू घाईघाईत लिहून गेलीयेस की ती जरा बरड आहे, हातभर खणलं की मुरूम लागतो. हे पहिल्या ओळीत यायला पाहिजे होतं. सुनेला प्रयोग करायचाय म्हटल्यावर भारी काळी जमीन कोण देतं, मलाही माझ्या वेळी नाल्याकाठचा तुकडाच मिळाला होता, त्यामुळे सासऱ्यांना मी नावं ठेवत नाही, पण मग साडेचार विरुद्ध आठ ही तुलना होतच नाही ना. त्या बरड वावरात युरिया-डीएपी टाकून आधीच्या वर्षी किती निघालं होतं? तो आकडा पत्रात नाहीये. सासऱ्यांना विचार, त्यांना तोंडपाठ असणार. तो सहा असेल तर तुझं नुकसान दीड क्विंटलचं, साडेतीनचं नाही. तुझ्यावर हसणाऱ्यांनीसुद्धा हा हिशोब केलेला नसणार.

तरीपण दीड क्विंटल म्हणजे दीड क्विंटल, साडेसात हजार भाव धरला तरी एकरी अकरा हजारांवर गेले, आणि खताचे वाचले किती, तर युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना आणि डीएपी १,३५० ला, म्हणजे सोळाशेच्या आसपास. म्हणून नेमकं चुकलं काय ते बघूया. माझ्या मते तुझी चूक सेंद्रिय करण्यात नाहीये. जमीन सुधारणं आणि पिकाला खाऊ घालणं ही दोन वेगळी कामं आहेत, तू पहिलं काम केलंस आणि दुसरंही त्यातच झालं असं समजलीस. असं समजणारी तू एकटी नाहीयेस, दर दहा पत्रांत सात-आठ अशीच असतात.

कागद-पेन घे. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असतं. ट्रॉली अडीच-तीन टनाची धरली तर तीन ट्रॉल्या म्हणजे आठ टन, दोन एकरात वाटून एकरी चार टन, म्हणजे कागदावर २० किलो नत्र. पण ते सगळं पहिल्या वर्षी पिकाच्या हाती लागत नाही, शेणखत हळूहळू सुटतं, पहिल्या हंगामात पाव ते एक तृतीयांश. म्हणजे पाच-सात किलो. आता जीवामृत. २०० लिटरच्या ड्रममध्ये जातं काय, १० किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, किलो-दोन किलो गूळ, तेवढंच बेसन, मूठभर माती. शेणातलं, गोमूत्रातलं, बेसनातलं सगळं नत्र जोडलं तर ड्रमभर जीवामृतात फार तर २०० ग्राम भरतं. पाच वेळा दिलंस म्हणजे एकरी एक किलो. एकूण झाले सहा ते आठ किलो. सासऱ्यांनी एका गोणी युरियातून २० किलो ७०० ग्राम आणि डीएपीतून ९ किलो, म्हणजे जवळपास ३० किलो दिलं. युरियातलंही सगळं झाडाला मिळत नाही, निम्म्याच्या वर उडून-वाहून जातं, तरी तुझ्या कपाशीपेक्षा त्यांची कपाशी दुप्पट जेवली. तुझी पाती लागेपर्यंत कशीबशी तगली, आणि नेमकी पाती-फुलं-बोंडं या काळात कपाशीला भूक जास्त असते तेव्हा ताट रिकामं होतं.

त्यात पऱ्हाटी मिसळली. न जाळण्याचा तुझा विचार सोळा आणे बरोबर, जाळली की त्यातलं नत्र आणि कार्बन दोन्ही धुरात जातात, राखेत थोडं पालाश राहतं तेवढंच. पण मे महिन्यात कोरडी लाकडासारखी पऱ्हाटी मातीत घालून जूनमध्ये त्याच्यावर कपाशी टोबली की काय होतं सांगते. पाऊस पडला की मातीतले जिवाणू त्या लाकडावर तुटून पडतात, आणि लाकूड पचवायला त्यांना नत्र लागतं, पऱ्हाटीत कार्बन भरमसाठ आणि नत्र अगदी कमी, म्हणून ते मातीतलं नत्र उचलतात. म्हणजे पहिली पंगत जिवाणूंची बसली, तुझं पाच-सात किलो त्यांनीच संपवलं, कपाशी शेवटच्या पंगतीला आणि तिथे भात संपलेला. वरून जीवामृत देऊन तू पहिल्याच पंगतीला आणखी पाहुणे बोलावलेस! पुढे ते जिवाणू मरतात आणि घेतलेलं परत मातीत सोडतात, फुकट काही जात नाही, पण तोवर तुझी उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, होऊन गेलेली असते. त्यातलं थोडंफार यंदा मिळेल बघ, म्हणूनही मी सोडून दे म्हणत नाहीये.

मग पानं लाल का झाली? लाल्या म्हणतात तो हाच, आणि तो बहुतेक वेळा रोग नसतोच. बोंडं अन्न ओढत असतात, मुळांकडून नत्र आणि मॅग्नेशियम पुरेसं येत नाही, झाड पानातलं काढून बोंडांना देतं, त्यात रात्रीचा गारवा एकदम वाढला की पान लाल. हलक्या जमिनीत आधी दिसतो कारण तिथे ओलही लवकर तुटते. यंदा वाट बघत बसू नकोस, पाती-फुलांच्या वेळी दोन टक्के युरिया किंवा डीएपी, म्हणजे १० लिटर पाण्याला २०० ग्राम, आणि बोंडं धरताना मॅग्नेशियम सल्फेट एक टक्का, म्हणजे १० लिटरला १०० ग्राम, अशी फवारणी घे. डीएपी रात्री भिजवून वरचं पाणी गाळून घे नाहीतर पंपाचं नोझल चोंदतं आणि भर उन्हात वावरात बसून पिनेनं काढत बसावं लागतं, अनुभव आहे.

आता तू म्हणशील युरियाची फवारणी म्हटल्यावर सेंद्रिय कुठे राहिलं. इथेच माझा दुसरा प्रश्न. तुला नक्की काय पाहिजे? पत्रात तीन गोष्टी एकत्र आल्यात, खर्च कमी करायचाय, जमीन सुधारायचीये, आणि सेंद्रिय म्हणून जास्त भाव मिळवायचाय. तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

भावाचं आधी उरकते कारण ते सोपं आहे. तू बीटी लावतेस. सेंद्रिय प्रमाणपत्राच्या नियमात जनुक बदललेलं बियाणं चालत नाही, मग भलेही तू खताचा एक कण टाकू नकोस. भारतात बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि त्याच्या आदल्याच वर्षी सुरू झालेल्या सेंद्रिय उत्पादनाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात, एनपीओपीमध्ये, तिला जागा नाही. त्यामुळे तुझा कापूस कितीही शुद्ध असला तरी सेंद्रिय कापूस म्हणून विकता येणार नाही, आणि जीनवर, म्हणजे रुई-सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यावर, गाडी नेलीस तर तिथे ओलावा आणि धाग्याची लांबी बघतात, जीवामृत किती वेळा दिलं हे कोणी विचारत नाही. खरंच त्या वाटेला जायचं असेल तर बिगर बीटी सरळ वाण, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं सूरज किंवा अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची एकेए-७ सारखी देशी कपाशी, रूपांतराचा काळ, आणि गावातल्या दहा-वीस जणांचा गट. एकट्या बाईनं दोन एकरासाठी प्रमाणपत्र काढणं परवडत नाही. आणि विकत घेणारा आधी ठरलेला पाहिजे, कापूस घरात आल्यावर शोधायचा नाही. देशी कपाशीचं एक मात्र मला आवडतं, बरडीवर, कमी खाण्यावर ती तग धरते, बीटी हायब्रीड खादाड आहे आणि तिला भूक सोसवत नाही. अर्धा एकर देशी लावून बघायला माझी ना नाही, धागा आखूड असतो एवढं ध्यानात ठेव आणि गिऱ्हाईक आधी विचारून घे.

राहिल्या दोन गोष्टी, खर्च आणि जमीन. यासाठी शंभर टक्के सेंद्रिय व्हायची काही गरज नाही. प्रशिक्षणात जे सांगतात ना, की रासायनिकचा एक दाणा पडला की सगळे जिवाणू मेले, तसं नसतं गं. जिवाणूंना लागतं खाद्य, सावली आणि ओल. शेणखत देऊन सोबत निम्मा युरिया दिला तर ते मरत नाहीत, उलट कुजायची क्रिया चांगली चालते. जमीन मेली म्हणतो तेव्हा तिला कित्येक वर्षं काही परत मिळालेलं नसतं, पऱ्हाटी जाळली, कुटार विकलं, बैल विकले, शेण गेलं. नुसत्या युरियावर पिकवत राहणं वाईटच, त्यात वाद नाही, पण त्याचा उतारा एका वर्षात युरिया तोडणं नाही.

दुप्पट जीवामृताचा प्रश्न त्यामुळे आपोआप सुटला, दुप्पट म्हणजे दोन किलो नत्र. जीवामृत वाईट नाही, विरजणासारखं आहे, दूध असेल तर दही लागेल. शेणखत आणि पालापाचोळा भरपूर असलेल्या वावरात दे, उपयोग होईल. दूधच नसलं तर विरजण दुप्पट टाकून काय होणार? आणि कृषी केंद्राच्या तीन गोण्या. गोणीच्या मागची बारीक अक्षरं वाच. खत नियंत्रण आदेशात गांडूळखतात एकूण नत्र कमीत कमी एक टक्का पाहिजे असं आहे, शहरी कंपोस्टमध्ये ०.८ टक्के. ५० किलोच्या तीन गोण्या, एक टक्क्यानं दीड किलो नत्र झालं. त्या गोणीचा भाव तू लिहिला नाहीस, जो असेल त्याला दीड किलोनं भाग आणि युरियाशी ताडून बघ. मागे काहीच छापलेलं नसेल, नुसतं झाडाचं चित्र आणि चमत्कार-बिमत्कार असं नाव असेल तर घेऊच नकोस.

आता तुझ्या बरडीबद्दल, कारण यंदाचा खरा फायदा मला तिथेच दिसतो. बरडीची पहिली भूक पाण्याची आहे. दहा दिवस पावसानं दडी मारली की काळीतली कपाशी टिकते आणि बरडीतली माना टाकते, आणि ओल नसली तर मातीत पडलेलं खतही मुळाला घेता येत नाही. तिथे तलावाचा गाळ घाल. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही सरकारी योजना २०१७ पासून आहे, तुमच्या भागातल्या एखाद्या पाझर तलावात उन्हाळ्यात उपसा चालू असेल तर ग्रामपंचायतीत जाऊन विचार. सगळ्या दोन एकराच्या मागे लागू नकोस, एकरावर एक इंच थर द्यायचा म्हटलं तर ३६ ब्रास लागतात, म्हणजे पस्तीसेक ट्रॉल्या. अर्धा एकर कर यंदा, अर्धा पुढच्या वर्षी. पसरव, वखर मार, चांगला मिसळू दे. गाळाची माती तपासून घे आधी, काही तलावांचा गाळ खारट किंवा चुनखडीचा निघतो. आणि भारी काळ्या जमिनीत गाळ टाकत बसू नये, तिथे आधीच पाणी साचतं, हे दुसऱ्या वाचकांसाठी सांगते, कारण योजनेत मिळतोय म्हणून लोक कुठेही टाकतात.

शेणखताचं म्हणशील तर मिळेल तेवढं थोडंच. ट्रॉली महाग झाली कारण गावात बैल राहिले नाहीत. पण तू लिहिलंयस की घरी एक बैलजोडी आणि एक गाय आहे. गोठ्याची जमीन कशी आहे? मातीची असेल आणि गोमूत्र मुरून जात असेल तर तुझं सगळ्यात भारी खत तिथे गाडलं जातंय. दोन बैल दिवसाला १५ लिटर धरले, त्यात एक टक्क्याच्या आसपास नत्र, म्हणजे दिवसाला १५० ग्राम, वर्षाला ५० किलोवर. निम्मं वावरात-रस्त्यात गेलं असं समज, तरी उरलेलं युरियाच्या एका गोणीपेक्षा जास्त भरतं. त्यासाठी सिमेंटचा गोठा नको, जनावरांखाली कुटार किंवा कोरडी माती अंथर, भिजली की उचलून उकंड्यावर टाक, नवीन अंथर. हे काम रोजचं आहे आणि ते तुझ्याच गळ्यात पडणार हे मला माहितीये, नवऱ्याला शनिवार-रविवारी घरी आला की लाव.

उकंडाही बघ एकदा. उघड्यावर उंच ढीग, वरून ऊन, पावसात काळं पाणी वाहून चाललंय, असं असेल तर अर्धं खत नालीत जातं. खड्डा किंवा सावलीतला बुटका ढीग, वरून मातीचा लेप. आणि अर्धकच्चं शेण वावरात नेऊच नये, त्यात हुमणी येते, तणाचं बी येतं, वाळवीही लागते. मूठ उघडली की भुरभुरलं पाहिजे आणि शेणाचा वास यायला नको, तेव्हा कुजलं समज.

पऱ्हाटीचंही त्याच उकंड्यात जमतं. पुढच्या वेळी जानेवारीत वेचणी संपल्यावर लगेच कुट्टी करून घे, फरदड (वेचणी संपल्यावरही तीच कपाशी पुढे वाढवणं) ठेवू नकोस आणि धुऱ्यावर गंज रचून जूनपर्यंत तर अजिबात ठेवू नकोस, त्यातल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी झोपलेली असते, २०१७ ला तिनं काय केलं ते विदर्भात कोणाला सांगायला नको. कुट्टी खड्ड्यात थर देऊन भर, थरावर शेणकाला, टनाला आठ-दहा किलो युरिया आणि किलोभर ट्रायकोडर्मा (कुजवायला मदत करणारी बुरशी), पाणी इतकं की मूठ दाबली तर हात ओला होईल पण थेंब गळणार नाही. तीन-चार महिन्यांत खत होतं. लाकूड पचवायला जिवाणूंना नत्र लागतं ना, ते आपण खड्ड्यातच देतो म्हणजे वावरात कपाशीच्या ताटातलं ओढत नाहीत. युरिया नकोच असेल तर शेण आणि गोमूत्र जास्त घाल, वेळ जास्त लागेल इतकंच. उन्हाळ्यात पाणी कुठून आणायचं हा प्रश्न खरा आहे, तो मी इथे बसून सोडवू शकत नाही. पाणी नसेल तर कुट्टी नुसती वावरात पसरून ठेव, मातीत गाडू नकोस, वर पडलेली हळू कुजते आणि ओल धरते.

आणखी एक गंमत सांगते, मला स्वतःला फार उशिरा समजली. आपण वावरातून नेमकं काय बाहेर नेतो? कापूस. त्यातली रुई जवळपास निव्वळ सेल्युलोज, तिच्यात नत्र नसल्यातच जमा. सगळं नत्र सरकीत असतं. क्विंटल कापसात ६५ किलोच्या आसपास सरकी, तिच्यात तीन-सव्वातीन टक्के नत्र, म्हणजे क्विंटलमागे दोन किलो. आठ क्विंटल कापूस विकला तर १६-१७ किलो नत्र जीनवर पोचवून आलो. तीच सरकी ढेप होऊन परत येते आणि आपण जनावराला घालतो. म्हणून ढेपेवर पोसलेल्या जनावराचं शेण-गोमूत्र कडब्यावरच्या जनावरापेक्षा जास्त कसदार. ढेप घेताना दुधाचाच हिशोब करतो आपण, खताचा पण कर.

यंदा मी तुझ्या जागी असते तर दोन एकरांचे असे भाग केले असते. बरडीतला एक एकर, त्यात शेणखत आहे ते, पण सगळीकडे न फेकता ओळीतच. गांडूळखत थोडं आहे म्हणतेस तर ते टोबायच्या जागीच टाक, चार बाय दीड फुटावर एकरात ७,२६० जागा येतात, जागेला मूठभर म्हणजे १०० ग्राम धरलं तर सव्वासात क्विंटल पुरतं. सोबत सासऱ्यांच्या निम्मं रासायनिक, अर्धी गोणी डीएपी पेरणीला, अर्धी गोणी युरिया महिन्यानं आणि दोन महिन्यांनी वाटून, ओल असताना, डवऱ्यानं (बैलाच्या कोळप्यानं) झाकून. एकरी १०० किलो निंबोळी पेंड मिळाली तर उत्तम, त्यात चार-पाच किलो नत्र असतं. दुसरा एकर सासऱ्यांकडे काळीतला माग. सगळा नाही, अर्धा. तिथे हेच कर आणि शेजारच्या अर्ध्यात त्यांना त्यांच्या पद्धतीनं करू दे. बियाणं एक, पेरणीचा दिवस एक, वेचा वेगळा मोजायचा. प्रत्येक वेच्याचं वजन वहीत. असं केलं की हसणाऱ्यांना उत्तर द्यायची गरजच राहत नाही, आणि चुकलंच तर काळीतलं नुकसानही अर्ध्या एकराचंच.

दोन ओळींच्या मधे ताग किंवा चवळी पेरून पस्तीस-चाळीस दिवसांत डवऱ्यानं मोडून टाकायचं, हे काळीत कर. बरडीत पाऊस कमी झाला तर ती कपाशीचंच पाणी पिते, तिथे माझा हात जरा आखडता आहे. धुऱ्यावर मात्र गिरीपुष्प लाव, काही जण उंदीरमारी म्हणतात तेच, पहिल्या पावसात फांद्या खोच, दुसऱ्या वर्षापासून पाला छाटून ओळीत टाकता येतो, त्या पाल्यात नत्र शेणखतापेक्षा कितीतरी जास्त. जागा मोडत नाही, पैसा लागत नाही.

मातीचा नमुना काढलास का कधी? बरडीचा वेगळा आणि काळीचा वेगळा. आठ-दहा जागी वीतभर खोल इंग्रजी व्हीसारखा खड्डा, कडेची माती तासून घ्यायची, मिसळून चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलोवर आणायचं. झाडाखालची, उकंड्याजवळची, धुऱ्याची माती नको, आणि खत टाकायच्या आधी काढायचा. सेंद्रिय कर्बाचा आकडा अर्धा टक्क्याखाली आला तर घाबरू नकोस, आपल्याकडे बहुतेकांचा येतो. आणि एका वर्षात कर्ब दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याला घरात घेऊ नकोस. एकरातली वरची सहा इंच माती नऊ लाख किलोच्या आसपास भरते. कर्ब ०.३ चा ०.५ करायचा म्हणजे १,८०० किलो कार्बन मातीत टिकला पाहिजे, आणि चार टन शेणखतात सगळा मिळून ७०० किलो असेल नसेल, त्यातला बराचसा आपल्या उन्हात हवेत उडून जातो. हे पाच-दहा वर्षांचं काम आहे. दरवर्षी थोडं थोडं.

अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातल्यांनी मात्र माझं वरचं सगळं वाचून थेट शेणखताच्या मागे लागू नये. तिथे जमिनीत सोडियम बसलेला असतो, तपासणी करून जिप्सम लागतं का ते आधी बघावं. आणि ज्यांच्या जवळ पोल्ट्री आहे त्यांनी कोंबडीखत जरूर घ्यावं, टनात २५-३० किलो नत्र असतं, पण कुजवून, ताजं टाकलं तर रोपं जळतात.

सासऱ्यांचं. ते म्हणतात नाद सोड, पण एकदा त्यांना विचार की तुमच्या लहानपणी मेंढरं बसवायचे का वावरात. धनगरांचा कळप उन्हाळ्यात रात्रभर वावरात बसवायचा, लेंडी आणि मूत दोन्ही जागेवर, त्यासाठी लोक धान्य द्यायचे. ते बोलायला लागतील बघ. कुठल्या वर्षी कोणाच्या वावरात कळप बसला आणि ज्वारी कशी आली ते सांगतील. हे सगळं प्रशिक्षणातून आलं म्हणून त्यांना परकं वाटतंय, सेंद्रिय हा शब्द त्यांच्यापुढे नाही वापरलास तरी चालेल. कळप अजूनही फिरतात, यंदा मिळाला तर बरडीत चार रात्री बसवून घे, आणि धनगराशी बोलणी त्यांनाच करू दे.

एक राहिलं. तू लिहिलंस की यंदाचं शेणखत वावरात नेऊन ढीग टाकलेत आणि मृगाच्या तोंडावर पसरवणार. म्हणजे एप्रिलपासून जूनपर्यंत ते ४४-४५ डिग्रीत पांढरं पडणार, आणि पसरायला जाशील तेव्हा हातात नुसता भुसा. हे पत्र वाचून झालं की पाटी-फावडं घे, प्रत्येक ढिगावर चार बोटं माती ओढून झाक, आणि पसरशील त्या दिवशीच, संध्याकाळ व्हायच्या आत, वरून वखर फिरला पाहिजे.